गळतं ते मधलं

...नाही नाही, दुखण्याचं मला सांगूच नका, दुखणं मी सोसतो, पडक्या शिडीवरून दोनदा आपटलोय मी, हाय केलं नाही, मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा... हमी! हमी देत नाही म्हणे! अहो, मी गळत्या थांबवतो. सव्वीस वर्षं झाली. गच्च्या, न्हाणीघरं, पाण्याच्या टाक्या, पाणी जिथं जिथं नको तिथं शिरतं तिथं तिथं मला बोलावणं येतं, सगळे मला 'गळतीवाले काका' म्हणूनच ओळखतात, आणि मी प्रत्येकाला दहा वर्षांची हमी देतो, कागदावर, सही ठोकून! आणि ही डॉक्टर मुलगी, माझ्या धाकट्या भाचीएवढी, हिनं बुजवायचं काय, तर एक दाढ, दाढेत तीन भोकं, एकेक भोक सुईएवढं... आणि म्हणते कशी, 'काका, हमी नाही देता येत हो, शरीर आहे.' शरीर आहे! मग माझी गच्ची काय आहे? तिच्यावर ऊन पडत नाही? ती तडकत नाही? पण मी म्हणतो का, 'हमी नाही, गच्ची आहे'?

हसताय काय? तुम्हाला सांगतो, प्रश्न हसण्याचा नाही, चावण्याचा आहे. माझ्या डावीकडे खाली दोन दाढा होत्या, त्या गेल्या. उजवीकडे उरली ही एक. घास आला की तिच्याच पदरात. ती गेली की पुढचं सगळं आयुष्य मऊ, पातळ, गिळगिळीत! लोक म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. माझ्याकडे चणे आहेत हो, पोतंभर आहेत, दाढ तेवढी एकच आहे, आणि मी तिला सोडणार नाही. त्या मुलीला पहिल्याच दिवशी बजावलं, 'उपटायचं नाव काढायचं नाही.'

आता झालं होतं काय, ही दाढ दोन वर्षांपूर्वी एकदा भरून झाली होती. दुसऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे. त्यांच्या औषधाला लवंगेचा वास, भरल्यावर आठवडाभर घरात सगळे मला हुंगत होते. दोन वर्षं गप्प बसली आणि मग एके दिवशी अशी ठणकली की मी जेवणाच्या ताटावरून उठलो. तीन आठवडे ठणकली. कुणाशी बोलणं नको, फोन नको, अनोळखी नंबर दिसला की सरळ बंद. शेवटी बायको म्हणाली, 'अहो, दाढ धरून बसून ती बरी होणार आहे का? मी वेळ घेतलीय. उठा.'

गेलो. इमारत बघितली आणि तुम्हाला सांगतो, छाती फुगली! कारण ती गच्ची माझी! म्हणजे काम माझं, दोन वर्षांपूर्वीचं. आणि हिचा दवाखाना अगदी वरच्या मजल्यावर, बरोब्बर माझ्या गच्चीखाली. मनात म्हटलं, वा, हिच्या डोक्यावरचं छत आपण बंद केलंय, आता ही आपली दाढ बंद करणार, फिट्टंफाट. पण बोललो नाही. वेळ आली की सांगू, मोठेपणा कसा, हळूच सांगायचा असतो. तिथं एक फॉर्म होता, त्यावर सही केली. माझी सही म्हणजे तारेचं भेंडोळं आणि वर तीन ठिपके. हे ठिपके लक्षात ठेवा.

तिनं फोटो काढला दाढेचा आणि पडद्यावर दाखवला. 'काका, हे बघा, नस काढलेल्या पोकळीत ही रबराची काडी घालतात. आणि काडी आणि दाताची भिंत यांच्यामध्ये सीलर भरतात, म्हणजे चिकट लेप. तर इथे सीलरनं भिंत सोडलीय. फट पडलीय. फटीतून जंतू आत.'

मी खुर्चीतून उठलोच! म्हटलं, 'अहो, हेच तर मी सव्वीस वर्षं घसा फोडून सांगतोय! पाइप गळत नाही, स्लॅब गळत नाही, गळतं ते मधलं! लोक पाइप बदलतात, स्लॅब फोडतात, पण पाणी येतं ते दोघांच्या सांध्यातून! लेप कसला आहे ते महत्त्वाचं नाही, लेपाला धरायला काय दिलंत ते महत्त्वाचं! खाली धूळ असेल, ओल असेल, तर सोन्याचा लेप लावा, सुटणार! त्या लवंगवाल्यानं धुतलंच नसणार, वाळवलंच नसणार, आजकाल कुणाला कामाची लाजच राहिलेली नाही...' आणि असा मी पाऊण तास... बरं, पाऊण नाही, दहा मिनिटं. ती ऐकत होती. शांतपणे. मधेच एकदा तिनं टेबलावरच्या त्या फॉर्मकडे बघितलं, मला वाटलं घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाली, 'काका, आता या मागे. आ करा.'

आणि तिनं माझ्या तोंडावर रबराचा पडदा ताणला! भोक पाडलेला, त्यातून फक्त दाढ बाहेर, बाकी सगळं तोंड बंद! वर तिची ती मदतनीस, अवाक्षर न बोलणारी, पाणी ओढायची नळी घेऊन उभी. तुम्हाला सांगतो, माझ्यासारख्या माणसाचं बोलणं बंद करणं म्हणजे... जाऊ द्या. खुर्ची मागे झुकली. मी आडवा. डोळे वर.

आणि छतावर डाग.

अहो, डाग म्हणजे कसला! ताटाएवढा! कडा तांबूस, मधे रंगाला फोड आलेले, आणि कोपऱ्यातल्या पाइपाकडून इकडे सरकत आलेला! मी डोळे मिटले, उघडले, डाग तिथंच. वर गच्ची कुणाची? माझी! पाइपाचा तो सांधा कुणी बंद केलेला? मी! सव्वीस वर्षांत मी हजार डाग बघितलेत आणि डाग बघून गळती किती जुनी ते सांगतो, हा दोन महिन्यांचा होता. माझ्या तोंडातून आवाज आला, 'आँ... ऊँऽऽ!'

'दुखलं का काका?'

मान हलवली, नाही.

तिनं माझ्या नजरेमागे नजर नेली. 'हां, ते छत बघताय होय? काय सांगू काका तुम्हाला. मी यायच्या आधी कुणी एक जण गच्चीचं काम करून गेला, दहा वर्षांची हमी लिहून दिली, आणि दोन वर्षांत हे! तीन आठवडे झाले फोन करतेय, उचलत नाही. तुम्ही यातलेच ना? काय झालं असेल हो?'

काय झालं असेल! सांगा, मी काय बोलणार? तोंडात रबर, नळी, तिचं ते गर्रर्र करणारं यंत्र... तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं बुक्की मारणारी मुलगी 'काका काका' म्हणत होती. आणि तीन आठवडे फोन! म्हणजे तो अनोळखी नंबर! मी दाढ दुखते म्हणून फोन घेत नव्हतो, आणि ती छत गळतं म्हणून फोन करत होती!

आणि वर ती बोलत राहिली. बारीक काटेरी सुई दाढेत फिरवतेय आणि बोलतेय. 'बघा काका, ही सुई फिरवली की दाताचा चुरा पडतो आणि तो आतल्या भिंतीवरच लिंपला जातो. वरून कसा, गुळगुळीत. छान दिसतो. पण भिंतीत बारीक बारीक नळ्या असतात, सीलरनं त्यांच्यात शिरून पकड घ्यायची असते, आणि हा थर त्यांच्या तोंडावर बसतो. मग सीलर थराला चिकटतो, दाताला नाही. थर सुटला की सीलर सुटला. म्हणून आधी थर धुवायचा. कंटाळा केला, घाई केली, की संपलं. गच्चीचंही असंच असेल ना काका?'

'आँ,' म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार?

दाढेत औषध घालून, वरून तात्पुरतं बंद करून तिनं मला सोडलं. पडदा काढला तेव्हा बोलायला तोंड मोकळं होतं. बोललो? नाही बोललो. जबडा बधिर आहे अशी खूण केली आणि निघालो.

घरी आल्यावर मात्र बोललो. बायकोला म्हटलं, 'पाइप त्यांनी नंतर हलवला असणार. वरून कुणी खिळा ठोकला असणार. माझं काम गळत नाही!' ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'ती गच्ची ना? ज्या दिवशी तुमची दाढ भरली त्याच दिवशीची?'

तुम्हाला सांगतो, बायकांना तारखा लक्षात राहतात हा देवानं नवऱ्यांवर केलेला अन्याय आहे.

मी म्हटलं, 'मग?' ती म्हणाली, 'मग काय. सकाळी गच्ची घासलीत. धुऊन वाळवायची होती. पण दुपारी चारची दाताची वेळ. म्हणून नुसता झाडू फिरवलात आणि वर लेप मारलात, तुम्हीच सांगितलंत मला, एक दिवस वाचवला म्हणून फुशारकी मारत. आणि मग दवाखान्यात? मी शेजारी बसले होते. ते बिचारे म्हातारे डॉक्टर म्हणत होते, अजून धुवायचंय, जरा थांबा. आणि तुम्ही? "आटपा हो डॉक्टर, धुताय काय सारखं, भरून टाका, मला अंधार पडायच्या आत वर दुसरा हात मारायचाय!" झालं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!'

मी म्हटलं, 'कोरडे असतो तर प्रश्नच नव्हता!' पण तिला काही हसू आलं नाही. मलाही नाही आलं. म्हणजे बघा, इकडे दाढेसाठी गच्चीवर घाई आणि तिकडे गच्चीसाठी दाढेत घाई, आणि दोन वर्षांनी दोन्ही सांधे एकदमच सुटले. पण मी कबूल केलं का? मुळीच नाही! मी म्हटलं, योगायोग. आणि ठरवलं, पुढच्या वेळी त्या मुलीकडून आधी दाढेची हमी घ्यायची, कागदावर, मग बाकीचं. हल्ला केला की बचाव आपोआप होतो.

दुसऱ्या खेपेला खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झालो. 'हे बघा डॉक्टरबाई, मी माझ्या कामाची लेखी हमी देतो. तुम्ही तुमच्या द्या. त्याशिवाय तोंड उघडणार नाही!'

ती म्हणाली, 'देते ना काका. मजकूर तयारच आहे.' आणि तिनं खण उघडून एक कागद काढला आणि वाचला, अगदी स्पष्ट आवाजात, त्या न बोलणाऱ्या नळीवालीसमोर. '"सदर कामास दहा वर्षे गळती होणार नाही. झाल्यास ताबडतोब, विनातक्रार दुरुस्त करून देईन." असाच देऊ का? की थोडा खरा देऊ?'

खाली सही. तारेचं भेंडोळं. वर तीन ठिपके! आणि शेजारी तिनं माझा तो पहिल्या दिवशीचा फॉर्म ठेवला. तीन ठिपके! म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून माहीत! मी दहा मिनिटं कामाच्या लाजेवर बोलत होतो तेव्हाही माहीत! 'तुम्ही यातलेच ना काका', 'काय झालं असेल हो काका', आणि तेही तोंडावर रबर ताणून! अहो, ती दंतवैद्य नाही, वकील व्हायला हवी होती!

'आता बोला काका,' ती म्हणाली. 'आता तोंडात काही नाही.'

आणि तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड मोकळं असून गप्प होतं. ती नळीवाली हसली. तीसुद्धा! मग डॉक्टरबाईच म्हणाली, 'दाढेत औषध अजून दोन आठवडे राहायलाच हवं. घाई केली तर पुन्हा सुटेल, आणि पुन्हा सुटलं तर मात्र काढावी लागेल, उरलंच काय आहे तिच्यात? दोन आठवड्यांत वरचं होईल ना?' म्हटलं, 'होईल की! न व्हायला काय झालं?' ताठ मानेनं म्हटलं बरं का. बाहेर येऊन मग जिन्यात बसलो जरा.

गेलो गच्चीवर. पाइपाजवळ लेपाखाली खरवडायची पत्री घातली आणि लेप ओढला, आणि अहो, तो सबंध वर आला! चादरीसारखा! खालच्या बाजूला पांढरी धूळ, पिठासारखी, जशीच्या तशी. म्हणजे माझा लेप दोन वर्षं गच्चीला नाही, धुळीला धरून बसला होता. लेप उत्तम, गच्ची उत्तम, गळतं ते मधलं. हातात तो तुकडा घेऊन मी उभा राहिलो. लाज वाटली. खरंच वाटली. वर कुणी नव्हतं म्हणून मोकळेपणानं वाटली.

मग मात्र मी घासली! ब्रशनं घासली, पाण्यानं धुतली, पुन्हा घासली, पुन्हा धुतली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई वर आली, पांढऱ्या कोटात, खिशातून कापसाचा बोळा काढला, वाकली, सांध्यावर फिरवला आणि माझ्या नाकासमोर धरला. करडा! 'काका, थर राहिलाय.' मला! गच्चीवर! माझ्या राज्यात येऊन! 'बाई,' म्हटलं, 'हे दात नाहीत!' ती म्हणाली, 'पण मधलंच ना?' आणि गेली खाली. घासली पुन्हा. तिच्या डोळ्यांदेखत नाही घासली, ती गेल्यावर घासली, एवढा मान आम्ही राखतो. वाळवली दोन दिवस. मग पहिला हात, मग एक दिवस थांबून दुसरा, मग विटांचा बांध घालून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, आणि मी खाली तिच्या दवाखान्यात खुर्चीत आडवा पडून छताकडे बघत बसलो. पेशंट येत होते, ती त्यांना सांगत होती, 'ते पेशंट नाहीत, ते छत तपासतायत.' थेंब आला? हट्! एक थेंब नाही!

मग आला दाढेचा दिवस. मी म्हटलं, आता माझी पाळी. तिनं दाढ धुतली, एका औषधानं, मग थर काढायच्या दुसऱ्या औषधानं, घड्याळ लावून, मग कागदाच्या बारीक काड्या आत घालून ओल टिपायला लागली. मी मोजत होतो. एक ओली, दोन ओली, तीन दमट, चौथी कोरडी. पाचवीची वाट बघतोय, तर ही सीलर उचलते! मी हात वर केला, 'आँऽऽ! ऊँऽऽ!' तिनं ओळखलं. 'काका, अगदी ठणठणीत कोरडं नको. या नवीन सीलरला घट्ट व्हायला जराशी ओल लागते.'

ओल लागते! ऐकलंत? गळती थांबवणाऱ्या लेपाला ओल लागते! सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, ओल म्हणजे वैरी, ओल म्हणजे सत्यानाश, आणि माझ्याच दाढेत, माझ्याच डोळ्यांदेखत, मुद्दाम ओल ठेवून... मी पडद्याआडून जमेल तेवढा निषेध केला. 'आँ ओं आँ ईं!' म्हणजे 'हे चालणार नाही!' ती म्हणाली, 'हो हो,' आणि भरली. शांतपणे, अजिबात घाई न करता. फोटो काढला. पडद्यावर पांढरी रेघ भिंतीला लागून, फट म्हणून नाही. मी भिंग मागितलं. दिलं तिनं. नाही सापडली.

म्हटलं, 'मग आता हमी?' ती म्हणाली, 'हमी नाही काका. पण घाई केली नाही, एवढं लिहून देते.' आणि दिलं लिहून. खाली सही, अगदी वाचता येईल अशी. हा बघा कागद, खिशातच असतो. आता तुम्ही म्हणाल, मी सुधारलो. छे! मी माझ्या कागदावर अजूनही दहा वर्षंच लिहितो, एक वर्ष कमी करणार नाही! फक्त खाली एक ओळ वाढवलीय, 'धुतले आहे, वाळवले आहे, घाई केलेली नाही.' तीही बारीक अक्षरात.

हो, आणि चणे खातो. उजवीकडून. कडाकडा. त्या मुलीसमोर मुद्दाम खाऊन दाखवले, ती नको नको म्हणत असताना. दाढ माझी आहे, सोडली नाही, सोडणारही नाही!

फक्त एक झालंय. आज सकाळी तोंड धुताना दाढ जराशी ठणकली. म्हणजे ठणकली असंही नाही, जाणवली. तर मी काय केलं असेल? डॉक्टरबाईला फोन? नाही. पांढरा कापूस घेतला आणि तिच्या इमारतीची गच्ची गाठली! पाइपाच्या सांध्याशी वाकून बोळा फिरवत होतो, बोळा पांढराच निघत होता, तर बायकोचा फोन, 'अहो, दाढ दुखतेय म्हणालात आणि आहात कुठे?' म्हटलं, 'गच्चीवर.' 'गच्चीवर? तिथं काय करताय?'

आता तिला काय सांगू? पायाखाली गच्ची, तोंडात दाढ, दोन्ही ठणठणीत... आणि मधे कोण उभा? मी!